जाता एक, येता दोन

शेलूबाजारची घरं मागं पडून बराच वेळ झाला होता, आणि दौलतसिंग अजून एक शब्द बोलला नव्हता. त्याची पत्र्याची पेटी हिरीबाईच्या डोक्यावर होती. त्यानं ती मागितली, तिनं दिली नाही. अमरावतीला कॉलेजात शिकणाऱ्या भावानं ओझं घेऊन तांड्यात शिरावं, हे तिला पटणारं नव्हतं. वैशाखाचं ऊन, वाटेला पळसाशिवाय सावली नाही. पण तिचं तोंड काही थांबत नव्हतं.

"बापानं नगारा शेकून ठेवला," ती सांगत होती. "लापशीले गूळ आनला. अन भुरीबाई मले रोज इचारते, अमरावतीले समुद्र कवा आला म्हनून."

यावर तरी तो हसेल असं तिला वाटलं. भुरीबाई तांड्यातली सगळ्यांत म्हातारी. यंदा आम्हाला आंदोलनं आणि लाटा शिकवतात, आवाजसुद्धा लाटांनीच कानापर्यंत येतो, असं दौलतसिंगानं पत्रात लिहिलं होतं. तांड्यात वाचता येणारी बाई एकटी हिरीबाई, मराठी चौथी झालेली. तिनं ते साऱ्यांना वाचून दाखवलं, आणि जे स्वतःला कळलं नाही त्यालाही मान हलवली. तेव्हापासून ती जरा ताठच चालायची. दिव्यापाशी बसली की, देवा, गर्व झाला असंल तर पदरात घे, म्हणायची आणि सकाळी पाणवठ्यावर पुन्हा भावाचंच पुराण लावायची.

दौलतसिंग हा तांड्याचे नायक भाऊसिंग यांचा धाकटा. बैलांमागं जातानाही पाटी बगलेत मारून जाणारा. बोलायला कमी, पाढ्यांना पक्का. मास्तरांनी बापाची समजूत घालून त्याला मॅट्रिकपर्यंत नेला. त्याच्या आधी तांड्यातून कॉलेजात कोणी गेलंच नव्हतं, म्हणून तो घरच्यापेक्षा तांड्याचाच पोरगा झाला होता.

"काहून रे, मूग गिळले का?" हिरीबाईनं विचारलं.

तो वाटेतच थांबला. "बाई, मले परीक्षेतून उठवलं."

तिनं पेटी खाली ठेवली. दोघं पळसाखाली बसली, आणि त्यानं खाली मान घालून सांगितलं.

प्रात्यक्षिकाची परीक्षा होती. लोखंडी पट्टी टांगून हलवायची, किती झोक्यांना किती वेळ लागतो ते घड्याळावर पाहायचं, आणि त्यावरून पृथ्वीची ओढ किती ते काढायचं. वर्षभर झोके मोजायचा त्याचा जोडीदार. दौलतसिंगाच्या हाती नुसतं घड्याळ. परीक्षेत दोन्ही कामं एकट्यावर आली, आणि त्यानं मोजलं ते तांड्यासारखं. श्रावणात तांड्यातल्या लिंबाला झोका बांधला की दोन्ही अंगाला पोरी उभ्या राहतात. झोका इकडं आला की इकडच्या म्हणतात एक, तिकडं गेला की तिकडच्या म्हणतात दोन. कॉलेजात मात्र झोका जाऊन परत आला, तेव्हा कुठं एक.

"उत्तर चौपट आलं," तो म्हणाला. "किती याले पाह्यजे ते समद्यायले पाठ असते. माही चूक काई मले सापडेना. वेळ संपत आली. मंग मी उत्तरावरून उलटं मांडत गेलो, अन वेळा मनानंच लिवून टाकल्या."

"मंग?"

"तपासाले बाहेरचे मास्तर होते. आकडे पाहून म्हने, 'फारच छान जमलंय. आता माझ्यासमोर कर. मोठ्यानं मोज.' मी मोजलं. जाता येक, येता दोन. पोरं हासले. मास्तर नाई हासले. म्हने, 'मोजायला चुकलास, ते समजू शकतो. पण मग हे आकडे आणलेस कुठून?'"

हिरीबाईला आधी रागच आला, आणि तोही मास्तरांचा. एवढ्याशा झोक्यापायी! मग पाणवठ्यावरच्या बाया आठवल्या. वाटेनं कोणी येत तर नाही ना, हे तिनं मागंपुढं पाहून घेतलं.

"आयक," ती हळू आवाजात म्हणाली. "निकाल लागाचा हाय म्हनू. लागला की म्हनू, मास्तर खोडीचा होता, तांड्याचा पोरगा पाहून त्यानं काटला. बाप मानते. समदे मानतीन."

"मानतीन," दौलतसिंग म्हणाला. "त्याचंच भेव हाय."

हिरीबाई डोक्यावरची चुंबळ उगीच सोडून पुन्हा वळायला लागली. तांड्याच्या देवळात सेवाभायापुढं फोडायला तिनं बाजारातून नारळ घेतला होता. तो मांडीशी होता, तिनं त्यावर पदर ओढला. परीक्षेत भावाचा तरी वेळ संपत आला होता. तिला कसली घाई होती? तिला तर एक अख्खं खोटं बसल्या बसल्या सुचलं होतं, आणि तेही एका माणसाच्या माथी मारून. तिला भावाकडं पाहवेना.

एवढ्यात समोरच्या टेकाडावरून कोणी खाकरलं. नवं पागोटं बांधून भाऊसिंग त्यांना सामोरे निघाले होते. अजून लांब होते, पण चाल ओळखू येत होती.

दौलतसिंग उठून उभा राहिला. "बाई," तो म्हणाला, "बापापुढं माही जीभ उचलनार नाई. तूच सांगजो. नापास झाला असं सांगू नको, मोजाले चुकला असंबी नको. खोटे आकडे लिवले अन धरल्या गेला, असं सांगजो. मी बाजूले उभा राह्यतो."