कोऱ्या कागदावरचा आंगठा

घाटंजीच्या स्टँडावरून मी पुन्याले निंगालो त्या दिवशी मले पोचवाले सात लोक आलते, आन सातही जन हासून राह्यले होते. मी तसाच मानूस. माय गेली तवा तिच्या मातीलेही माह्याकडं पाहून एकदोघायले हासू फुटलं होतं. एका हातात पेटी, एका हातात भाकरीचं गठुडं, आन तोंड चालू. ठेकेदारानं मले वॉचमनची नोकरी लावली होती. मी म्हनलं, "माह्या घराले धड दार नाही, आन मले दुसऱ्याचं फाटक राखाले ठेवलं."

बस भरली होती. खिडकीजवळ शेवंता बसली होती. शेवंता मंजे आमच्या गावाबाहेर पारध्यायच्या झोपड्यायचा बेडा हाय, तेथच्या हिरामनची बायको. मांडीवर कापडाची पिशवी, पिशवीत नवऱ्याचे धुतलेले कपडे. हिरामन यवतमाळच्या जेलात होता, ती मुलाकातीले चालली होती. मले पाहून ती उठली. म्हने, "भाऊ, तुमी खिडकीत बसा. तुमाले लंबं जा लागते. मी काय, यवतमाळलेच उतरतो."

मी बसलो. ती यवतमाळपर्यंत दांडा धरून उभी राह्यली. मले लाज वाटली नाही.

हे लिहून घेनारी माही बायको सुनंदा हाय, सातवी पास. मी शाळेच्या आवारात गेलो तो बकऱ्या चाराले. मी बोलतो, ती लिहिते. जेथं मी खोटं बोलतो तेथं तिचा पेन थांबते. आतापर्यंत एकदा थांबला. सात लोक नोयते, चार होते.

आता हिरामन जेलात कसा गेला ते सांगतो. लहानपनी मी आन तो संगं फिरलो. तितर धराचा फासा कसा लावतात ते त्यानंच मले शिकवलं. मग आमी मोठे झालो, तो पारधी झाला आन मी गावकरी झालो. एक दिवस गावात एका मोठ्या घरी चोरी झाली. पोलीस आले ते सरळ बेड्यावर गेले. चोर कोन हे आमच्याकडं इचारा लागत नाही. चोरी झाली का पारधी धरा. शेवंताच्या झोपडीमागं कापसाच्या पऱ्हाटीच्या ढिगात माल सापडला, असं ते म्हनले.

पंचनाम्याले दोन पंच लागतात. पोलिसायनं माल जप्त केला तो आमी आपल्या डोळ्यानं पाह्यला, असं सांगनारे दोन गावकरी. आमच्या गावात पानठेल्यावर जो रिकामा भेटन तो पंच. मी कायमचा रिकामा, मनून कायमचा पंच. जमादार म्हने, "ये बबन, आंगठा दे." कागद कोरा होता. मी बेड्याकडं गेलोही नोयतो. आंगठ्याले शाई लावता लावता मी म्हनलं, "साहेब, पारध्याचं पोरगं जलमलं का पह्यले सुईनीच्या बोटातली आंगठी पाहून घ्या लागते."

सारा पानठेला हासला. जमादारानं मले स्पेशल च्या सांगतला. हिरामन गाडीत बसला होता, दार उघडं होतं. त्यानं आयकलं. तो हासला नाही, मंग मले वाटलं याले जोक समजला नाही.

घरी सुनंदा म्हने, "तुमी काही पाह्यलंच नाही, तं आंगठा कायले देला?" मी म्हनलं, "बाईनं कायद्यात तोंड घालू नये." एवढं घरात बोलून माहं पोट भरलं नाही. चौकात जाऊन तेही सांगतलं. तेथंही लोक हासले.

माय जित्ती असतानी म्हने, "बबन्या, हासव बापा, पन कोनाच्या जिवावर नको." तिच्या बोलन्यावरही मी एक जोक केलता. तो आता आठोत नाही, हे बरं झालं.

पुन्यात मी एका सभागृहाच्या फाटकावर हाय. खुर्च्या लावनं, माईक लावनं, च्या वाटनं, सारं मीच. आता सुनंदाही येथंच हाय, दोन घरी सयपाक करते. गावाकडं मी मले, तुले बोलो, येथं 'मला, तुला' म्हनतो आन जीभ चावते. रयवारी तेथं एक प्रोफेसर मॅडम येतात. कोनीही या, कोनीही बसा, फुकट. तत्त्वज्ञान सांगतात. तत्त्वज्ञान मंजे काय हे मले मालूम नोयतं. ज्या भाषनात च्या दोनदा वाटा लागते ते तत्त्वज्ञान, असं मी समजो.

एका रयवारी मॅडम जेलावर बोलल्या. अमेरिकेत काळ्या मानसाची गाडी पोलीस काहून थांबवते, आन आपल्याकडं पारध्याच्या पोराची पिशवी काहून तपासते. मुलाकातीच्या लाईनीत पिशव्या घेऊन बायाच काहून उभ्या राहतात. मंग त्यायनं इचारलं, "गुन्हा शाबीत न होता जो माणूस आत आहे, त्याला आत कोणी ठेवलं?" कोनी म्हने पोलिसानं, कोनी म्हने सरकारनं, कोनी म्हने जातीनं. मी किटली घेऊन उभा होतो. मॅडमनं मले इचारलं, "बबनराव, तुम्हाला काय वाटतं?"

एवढे शिकलेले लोक माह्याकडं पाहून राह्यले. मले वाटलं, आज आपला दिवस. मी पानठेल्याची सारी गोष्ट सांगतली. जमादाराचा आवाज काढून दाखोला. सुईनीची आंगठीही सांगतली. माह्या गावात ही गोष्ट कधी फेल गेली नोयती.

कोनी हासलं नाही. एका पोरीनं हातातला कप खाली ठेवला. म्हने, "काका, मग कोर्टात काय सांगितलं तुम्ही?"

मी म्हनलं, "गेलोच नाही. समन्स गावाकडं आलतं तीन डाव. भावाचा फोन आला, मी म्हनलं, सांग का बबन पुन्यात हाय, पत्ता मालूम नाही. पंचच नाही तं केस खलास. हिरामन कवाचाच सुटला असन. मी उपकार केला त्याच्यावर."

मागं एक बुढे वकील बसले होते. ते हळूच म्हनले, "अहो, पंच आला नाही की पुढची तारीख देतात. आतला माणूस आतच राहतो."

"पन जामीन झालता त्याचा," मी म्हनलं.

"जामीनदार मिळाला होता का?"

भेटला नोयता. जामीन राहाले सातबारावाला मानूस लागते, आन पारध्यासाठी आपला सातबारा कोन काढते. हे मले मालूम होतं. किटली हातात होती, पन उरलेल्या लोकायले च्या वाटाचा मी इसरलो. तीन डाव समन्स आलं, तीनही डाव मी पुन्यात बसून हासलो, आन तेथं दरवाजाले तीन डाव कडी लावली ती मीच.

घरी येऊन सुनंदाले सांगतलं. मले वाटलं ती म्हनन, मी तवाच म्हनलं होतं. तिनं पेटी खाली काढली. म्हने, "तुमी एकटे गेले तं स्टँडावरून वापस यान. मी येतो संगं." तिनं मले ओळखलं होतं. सरकारी वकिलाले भेटलो, पुढच्या तारखेले हजर झालो.

कोर्टात हिरामन दोन शिपायायच्या मधात बसला होता. केस सारे पांढरे. माह्याच वयाचा मानूस, मले वाटलं त्याचा बाप आनला. दुसरा पंच मरून गेलता, मनून सारं माह्यावरच होतं. मी म्हनलं, "आंगठा माहा हाय. कागद कोरा होता. मी बेड्यावर गेलो नाही, माल पाह्यला नाही."

जज्ज बाई होत्या. म्हनल्या, "मग अंगठा का दिला?"

माह्या तोंडात तीन जोक आले. मी गिळले. म्हनलं, "च्या भेटला मनून, साहेब. आन लोक हासले मनून."

कोर्टाच्या लिहिनाऱ्यानं ते काय लिहिलं मले मालूम नाही. पुढच्या महिन्यात हिरामन सुटला.

मंग आमी गावाले गेलो. पानठेल्यावर कोनी म्हने, "बबन्या, पारध्याचा वकील झाला का बे?" दुसरा म्हने, "जाऊ दे, ते सुईनीची सांग." त्यायले आजही तेच आयकाचं होतं. मी बेड्यावर गेलो. हिरामन बाजेवर बसला होता. मले बस म्हनला नाही, जा बी म्हनला नाही. म्हने, "मी आत होतो तवा माही माय गेली. तू होता का मातीले?"

"नाही. पुन्यात होतो."

"मीही नोयतो," तो म्हने.

माफी मांगाची तयारी करून गेलतो. पुन्यापासून घोकत होतो. त्यानंतर ते तोंडातून निंगालंच नाही.

वापस येतानी घाटंजीच्या स्टँडावर शेवंता बसमधी चढली. यवतमाळले कामाले चालली होती. बस भरत आलती. मी उठलो, म्हनलं, "शेवंताबाई, खिडकीत बसा." तिनं माह्याकडं पाह्यलं आन समोर जाऊन दुसऱ्या सीटावर बसली. माही खिडकी रिकामीच राह्यली. मंग सुनंदा माह्याजवळून उठली आन तिच्या बाजूले जाऊन बसली. यवतमाळपर्यंत त्या दोघी बोलत होत्या. मले एक शब्द आयकू आला नाही.

गावाकडच्या लोकायहो, आन माह्यासारखे गाव सोडून गेलेल्यायहो, पह्यले मले कोनी इचारलं का तुहं गाव कोनतं, तं मी पानठेला सांगो, लोक सांगो, हासनं सांगो. आता इचारलं तं मले त्या दोघीच्या पाठी दिसतात. माहं गाव त्या सीटावर बसून काहीतरी बोलून राह्यलं, आन मी मागं हाव.

आताच सुनंदाले इचारलं, तवा काय बोलल्या तुमी? ती पेन थांबवत नाही. म्हनते, "ते तुमच्यासाठी नोयतं."