पिठाचा पंजा

आज घराला रंग लागतो आहे, आणि त्या ओल्या वासासरशी मी आंबेगावच्या डोंगरातल्या हौसाबाईच्या ओसरीवर जाऊन उभी राहते.

परदेशातून आलेले स्वयंसेवक वाडीतली घरे निळी रंगवत होते; मी त्यांची दुभाषी. हौसाबाईच्या सारवलेल्या भिंतीवर तांदळाच्या पिठाचा एक इवलासा पंजा होता. तिच्या लेकीने तो दिवाळीत उमटवला होता, आणि पुढे भातलावणीत साप चावून ती गेली होती.

“पोरी, तेवढा हात ऱ्हाऊ दे. माज्या चिमीचा हाये त्यो,” ब्रश धरलेल्या मुलीला हौसाबाई म्हणाली.

मुलीने हसून माझ्याकडे पाहिले. तिच्या गालावर निळा थेंब होता. तो आनंद मला मोडवेना.

“भिंत फार सुंदर दिसते, म्हणते आहे ती,” मी इंग्रजीत सांगितले. तेव्हा त्याला मी सौजन्य समजत होते.

ब्रश एकदाच फिरला. पाचही बोटे निळ्याखाली गेली.

मग हौसाबाईने सगळ्यांना कोरा चहा दिला. माझ्या हाती कप देताना तिने हळूच विचारले, “बाई, तुमाला त्यांची भाषा येती नव्हं?”

“येते,” मी म्हणाले.

तिने मान डोलावली, आणि साखर पुरेशी झाली का, ते विचारले.