धाकटीचा तवा

माझी नात दर दोन-अडीच वर्षांनी नवं नॉन-स्टिक पॅन आणते. आणताना मला दाखवते आणि विचारते, "आजी, हे तरी टिकेल ना गं?" मी काय सांगणार, डोंबल? त्यावर लाकडी चमचाच वापरा, आच मंद ठेवा, घासणी लावू नका, असं खोक्यावर छापलेलं असतं. म्हणजे पॅनची सेवा आपण करायची, आणि एवढं करून वर्षभरात त्याचे पापुद्रे भाजीत. आमच्या सासूबाईंचा तवासुद्धा सेवा करून घ्यायचा, पण तो निदान त्याची जाण ठेवायचा.

तेव्हा आम्ही गिरगावात राहायचो, चाळीतल्या दोन खोल्यांत. सासूबाई, थोरले दीर, जाऊबाई, आमचे हे आणि मी. त्या घरात मिठापासून पंख्यापर्यंत सगळ्यावर मतभेद होते. एकमत फक्त दोन बाबतींत होतं. मुंबई महाराष्ट्राला मिळालीच पाहिजे, आणि घावन सासूबाईंच्याच तव्यावर झालं पाहिजे. पहिलीसाठी पुरुषमंडळी सभांना जात आणि घसा बसवून परत येत. दुसरीसाठी आम्ही दोघी सुना शेगडीपाशी उभ्या राहत असू, आणि तिथे आमचा घसा बसायची भीतीच नव्हती, कारण तोंड उघडायची सोय नव्हती.

तवा बिडाचा, म्हणजे ओतीव लोखंडाचा. जड, काळाकुट्ट आणि वर्षानुवर्षं तेल पिऊन गुळगुळीत झालेला. सासूबाईंनी तो लग्नात कोकणातून आणला होता. तांदळाचं पातळ पीठ ओतलं की चुर्र करून जाळी पडायची, झाकण काढेपर्यंत कडा आपणहून उचललेल्या असायच्या. उलथनं नुसतं मानापुरतं. त्या तव्यावर पोळी भाजायची नाही, शेंगदाणे तर नावालासुद्धा नाहीत. काम झालं की फडक्याने पुसून, तेलाचा हात फिरवून, जुन्या धोतरात गुंडाळून खुंटीला. त्याला पाणी लावायचं नाही आणि राखेने घासणं तर ब्रह्महत्येच्या पंगतीतलं. आम्हा सुनांना तो उचलून द्यायची परवानगी होती. त्यावर पीठ ओतायची नव्हती.

मला माझी शेगडी हवी होती. फार काही नाही, आमटीत मीठ किती पडणार हे मी ठरवेन, एवढंच. दोन वर्षं मी ह्यांच्या कानाशी लागले होते, आणि शेवटी दादरला एक खोली मिळाली. त्या दिवसांत मुंबई केंद्रशासित करायचं घाटत होतं आणि गिरगाव नुसतं पेटलं होतं. सासूबाई म्हणाल्या, "बाहेर जोडायला निघालेत आणि घरात तोडायला." सभेत ह्यांचा आवाज पार मागच्या रांगेपर्यंत जायचा म्हणे, घरात मात्र तो आईपर्यंतसुद्धा पोचत नसे.

भांड्यांची वाटणी झाली. मला दोन पातेली, परात आणि कान मोडलेली कढई मिळाली. धीर करून मी म्हटलं, "आई, तवा?"

"मी अजून जिवंत आहे," सासूबाई म्हणाल्या.

जाऊबाई लगेच पुढे झाल्या. तवा थोरल्या घरात राहतो, तशी रीतच आहे म्हणाल्या. दीर पेपरामागून म्हणाले, "भांडू नका. तवा केंद्रशासित." सगळे हसले. मला काडीचंही हसू आलं नाही.

दादरला आलो, आणि पहिल्याच रविवारी सकाळी हे अंघोळ करून, परीटघडीचा सदरा चढवून निघाले. "आईकडे जाऊन येतो," म्हणाले. दुपारी आले ते तोंडाला खोबऱ्याचा वास घेऊन. दुसऱ्या रविवारी तेच. तिसऱ्या रविवारी येऊन म्हणाले, "इथे आपल्याला तसं जडच जातंय, नाही? आईलाही करमत नाही." मी चपापले. घावनाच्या वाटेने हा माणूस मला परत गिरगावात नेऊन उभी करणार, हे स्पष्ट दिसत होतं.

मी म्हटलं, घावन मीही करते. ह्यांनी उत्साहाने ऑफिसातल्या साहेबाचा सल्ला घेतला आणि काळ्या दांड्याचा चकचकीत अ‍ॅल्युमिनियमचा फ्राय पॅन आणला. दुकानदाराने सांगितलं होतं म्हणे, काही चिकटणार नाही आणि जन्मभर जाणार नाही. दुसरी गोष्ट खरी निघाली. त्यातलं घावन जन्मभर गेलं नसतं. मी उलथन्याने, मग सुरीने, मग बोटांनी खरवडलं. ताटात जे पडलं त्याच्याकडे हे बराच वेळ बघत राहिले आणि म्हणाले, "चव बरी आहे." तोंड धुवून मग गिरगावला गेले.

दुसऱ्याच दिवशी मी लालबागला गेले. तिथे मसाल्याच्या गिरण्यांच्या ओळीत लोखंडी सामानाचं एक दुकान होतं. मी एकेक तवा उचलायला लागले. बोटाच्या पेराने वाजवून बघायचा, आवाज बद्द आला तर आत चीर. तळवा फिरवायचा, खड्डे नकोत. जमिनीवर पालथा घालायचा, डुगडुगला की परत. सासूबाईंनी हे मला शिकवलं नव्हतं हं, पण शेजारणींसमोर आपल्या तव्याचं कौतुक करताना त्या एवढं बोलायच्या की भिंतीसुद्धा शिकल्या असत्या. दुकानदार कंटाळला. "बाई, तवा घेताय का नवरा?"

"नवरा न बघता घेतला," मी म्हटलं, "म्हणून तवा बघून घेतेय."

तवा घरी आला तेव्हा करडा आणि खरखरीत होता. पेजेत भिजवला, पुसला, तेल लावलं, मंद शेगडीवर तापवला, अर्धा कांदा सुरीला टोचून रगडला, पुन्हा तेल. रोज हेच. हात कोपरापर्यंत काळे व्हायचे, खोलीत धूर, शेजारीण दार लावून घ्यायची. पहिली घावनं खरवडून काढली. नंतरची फाटली. त्यानंतर मधलं सुटायचं आणि कडा धरून बसायच्या. मला तर रडू यायचं, आणि रडत रडतच मी पुन्हा तेल लावायची. शहरात संचारबंदी लागली की मात्र माझं फावायचं. लोकांना चिंता पडलेली असायची, आणि मी मनातल्या मनात सरकारचे आभार मानत असे, कारण ह्यांना गिरगावला जाता येत नसे आणि माझी फाटकी घावनं मुकाट खावी लागत.

असे कितीतरी महिने गेले. मग एका रविवारी मी झाकण काढलं आणि कडा चहूबाजूंनी उचललेल्या. उलथनं लावलं तर घावन तव्यावर सरकलं. मी ते तसंच ताटात वाढलं. ह्यांनी खाल्लं, दुसरं मागितलं, आणि म्हणाले, "अगदी आईसारखं."

"आईसारखं नाही. माझ्यासारखं," मी म्हटलं. पण त्या रविवारी सदरा परीटघडीतच राहिला, पुढच्याही रविवारी राहिला, आणि परत जायचा विषय घरातून नाहीसा झाला. मी जिंकले होते. तव्याला फडकं मारताना मी गुणगुणत असे, आणि त्याला कुणाला हात लावू देत नसे. शेजारीण एकदा मागायला आली तर सासूबाईंच्याच आवाजात मी नाही म्हटलं.

द्विभाषिक राज्य येऊन बसलं, आणि एक दिवाळी जवळ आली. गिरगावातल्या बायकांचा मोर्चा निघाला होता. सासूबाई त्यात गेल्या, डोक्यावरून पदर घेऊन, पहिल्या रांगेत. इकडे जाऊबाईंनी दिवाळीची भांडी काढली होती. त्यांना लखलखाटाचं वेड. चिंच, राख आणि विटेची पूड घेऊन बसल्या आणि तांब्या-पितळेचं सगळं उजळवून झालं. मग त्यांना खुंटीवरचं गाठोडं दिसलं. सणासुदीला एवढं काळं भांडं घरात बरं दिसत नाही, आणि हातासरशी तेही उजळलं तर आईंना आनंद होईल, असं त्यांच्या मनात आलं. चांगल्या मनाचीच बाई. सासूबाई मुंबई मागून परत आल्या, तेव्हा जाऊबाईंनी दारातच तवा पुढे केला. "बघा, कसा चांदीसारखा निघालाय."

हे मला दुसऱ्या दिवशी सकाळी सासूबाईंनीच सांगितलं, आमच्या दादरच्या खोलीत, हातात कापडी पिशवी घेऊन उभ्या असताना. पिशवीतून त्यांनी तवा काढला. करडा, खरखरीत, जागोजागी ओरखडे. मला आधी हसू फुटणार होतं. मग त्यांचा चेहरा पाहिला आणि मी तवा हातात घेतला.

"तेल लावू आपण पुन्हा," मी म्हटलं. "मी लावते, आई. मला येतं आता."

"तेवढी वर्षं कुठून आणू आता?" त्या म्हणाल्या. भांडल्या नाहीत, जाऊबाईंना नावं ठेवली नाहीत. खाली बसल्या. मग त्यांची नजर माझ्या शेगडीकडे गेली. तिथे माझा तवा होता. त्यांनी तो उचलला, पेराने वाजवला, तळवा फिरवला, कडेपासून मधोमध आणि पुन्हा कडेला. मी मॅट्रिकच्या निकालाला नव्हते एवढी घाबरले होते.

"पीठ आहे?"

मी भिजवलेलं पीठ पुढे सरकवलं. त्यांनी शेगडीत फुंकर घातली, पदर खोचला, आणि मला विचारलंही नाही, थेट ओतलं. चुर्र झालं. झाकण, थोडा दम, झाकण बाजूला. घावन सुटून आलं. त्यांनी त्याची घडी केली, ताटलीत घातलं, वर ओलं खोबरं घातलं आणि ताटली माझ्यापुढे ठेवली.

"तू बस. खा गरम आहे तोवर."

त्यांची पिशवी माझ्या मांडणीवर बसली होती, मीठ त्यांच्या हाताशी होतं, आणि दोन वर्षं ह्यांच्या कानाशी लागून मिळवलेली शेगडी माझ्या डोळ्यांदेखत गेली होती. मला संताप आला होता, खोटं कशाला सांगू. पण त्या घरात लग्न होऊन आल्यापासून मला कुणी बसवून गरम वाढलं नव्हतं. घास तोंडात घातला आणि डोळ्यांतून पाणी यायला लागलं. सासूबाई दुसरं घावन ओतत होत्या, त्यांनी वळून बघितलं नाही. मला उठून त्यांच्या हातातलं उलथनं घ्यायचं होतं. ते घावन होईपर्यंत मी थांबले, मग त्याच्या पुढचं होईपर्यंत थांबले, आणि उठलेच नाही.