खिळ्याशी थांबणारा रेडिओ

दुरुस्त केलेला ट्रान्झिस्टर गिऱ्हाइकाच्या हाती दिला की तो मिस्तरी स्वतःचे दोन्ही हात पाठीमागे बांधून उभा राहायचा. "आता तू लाव. मी नाही सांगत."

गिऱ्हाईक चाचपडायचं. आवाजाच्या जागी ठेसनाचंच चाक फिरवायचं आणि ओशाळायचं. "मी अडाणी माणूस, मिस्तरी."

"तू काऊन अडाणी? हे बटन अडाणी हाये."

मग तो बटन बदलायचा. कुणाला मोठं, कुणाला खरबरीत. एकाला तर त्याने औषधाच्या बाटलीचं बूच बसवून दिलं होतं.

अमडापूरच्या बाजारगल्लीत त्याचं दुकान. महाराष्ट्र होऊन सात-आठ वर्षं झाली होती आणि मी पत्रकं छापून जनतेला जागं करायला निघालो होतो. एकदा ताजं पत्रक त्याला दिलं. त्याने ते बाकावरच्या भाजीवाल्याकडे सरकवलं आणि मला म्हणाला, "हात मागं घे, पुढारी. तोंडही बंद."

भाजीवाल्याने पहिली ओळ तीनदा वाचली. मग घडी घालून पत्रक अदबीने खिशात ठेवलं. "चांगलं असन."

मी भडकलो. "त्याच्यावर काऊन चिडतं बे? तुही ओळ पाह्य केवढी लांब," मिस्तरी म्हणाला. मित्रहो, माझी वाक्यं त्या दिवसापासून आखूड झाली.

पण त्याचा खरा कस लागला एका आंधळ्या म्हातारीपाशी. फौजेतल्या मुलाने तिला ट्रान्झिस्टर पाठवला होता. सकाळचे नागपूरचे अभंग ऐकायला तिला रोज सुनेची मनधरणी करावी लागे. सून चुलीपाशी अडकलेली. ठेसन लागेपर्यंत अभंग संपलेले.

"किती हात जोडू तिले? मले माह्या हातानं लावाचा हाये, मिस्तरी."

त्याने चाकावर नागपूरच्या जागी डाखाच्या शिशाचा एक थेंब बसवला, मण्याएवढा. म्हातारीने चाक फिरवलं, पुन्हा फिरवलं. थेंब तिला लागेचना. जन्मभर कापूस वेचून बोटांची कातडी चामड्यासारखी झाली होती.

मिस्तरीचा चेहरा उतरला. "चुकलो, माय. म्या माह्या बोटानं पाह्यलं. तुह्या नाही."

आम्ही जनतेच्या नावाने घसा फोडत होतो. जनतेची बोटं या माणसाने पाहिली.

आठ दिवस त्याने दुसरं काम घेतलं नाही. शेवटी चाकात एक पिन आणि पेटीवर एक खिळा ठोकला. चाक फिरवत जायचं. पिन खिळ्याला अडली की खट्ट. तिथेच नागपूर. पुढची ठेसनं गेली, तर गेली. म्हातारीने फिरवलं. खट्ट. नागपूर बोलू लागलं, तरी ती चाकावरचा हात काढीना.

एका उन्हाळ्यात मिस्तरी तापाने गेला. दुकान दुसऱ्याने घेतलं. म्हातारीचा सेट दुरुस्तीला आला तेव्हा या शहाण्याने खिळाही उपटला. "आता सारे ठेसन लागतात, आजी."

मी मिस्तरीपाशी बसायचो, म्हणून ती सुनेचा हात धरून माझ्याकडे आली. "सारे कोणाले पाह्यजेत, बाबू? माहं दे ना मले."

मी तीनदा खिळा ठोकला, तीनदा जागा चुकली. चौथ्यांदा बसला. सेट तिच्या हाती दिला. ती चाक शोधू लागली तशी माझी बोटं आपसूक पुढे गेली.

मग दोन्ही हात पाठीमागे घेतले आणि उभा राहिलो. बराच वेळ नुसती खरखर.

खट्ट.