फक्त या प्रकल्पापुरतं

मीटिंगमध्ये भिंतीवरच्या पडद्यावर माझं काम उघडलं आणि त्याच्यापुढे माझं सासरचं आडनाव दिसलं. घटस्फोटाला वर्ष उलटून गेलं होतं.

नव्याने आलेल्या सहकाऱ्याने विचारलं, "या मॅडम कोण? पूर्वी इथे होत्या का?"

"मीच ती," मी म्हणाले.

आमच्याकडे कोडमधला प्रत्येक बदल करणाऱ्याच्या नावानिशी साठवला जातो. कोर्टाचा निकाल लागला त्याच दुपारी मी ऑफिसात येऊन माझं नाव बदललं होतं. पण हा बदल कुठवर लागू करायचा, ते सांगितलं नव्हतं. तसं सांगितलं नाही, तर तो समोरच्या एका प्रकल्पापुरताच धरला जातो. बाकी सगळ्या प्रकल्पांत, कॉम्प्युटरच्या लेखी, मी अजून आधीच्या नवऱ्याचीच बायको होते. बँकेत, गॅसच्या एजन्सीत दरवेळी नव्याने सांगावं लागलं, तसंच हेही.

जागेवर येऊन मी नाव बदलायच्या आज्ञेत 'ग्लोबल', म्हणजे सगळ्या प्रकल्पांना लागू, हा शब्द लिहिला. मग टीमलीड सुनीता मॅडमना विचारलं, "जुन्या नोंदींवरचं नाव बदलता येईल?"

"येईल गं, पण सगळा इतिहास नव्याने लिहावा लागेल. सगळ्यांचं काम अडेल. राहू दे ना, कोण बघतंय?"

त्यांचं चुकत नव्हतं. माझं आठ वर्षांतलं सगळ्यात चांगलं काम त्याच आडनावाने तिथे राहणार आहे, आणि ते आडनाव आता दुसरीच कुणीतरी लावते.