निरोप काही नाही

ज्या माणसाचे वडील दवाखान्यात शेवटच्या घटका मोजत होते, त्याला मी येताना बालम काकडी घेऊन यायला सांगितलं.

माझ्या फजितीच्या गोष्टी मी चारचौघांत रंगवून सांगतो आणि लोक पोट धरून हसतात. हीसुद्धा मी त्याच सुरात सुरू करतो. अर्ध्यावर आलो की हसणारे गप्प होतात आणि कुणीतरी चहाचं विचारतं.

देवासला आमचा पंपांचा कारखाना आहे. आमचा म्हणजे मालकांचा. मी तिथला नोकर. माझे पणजोबा संस्थानात कारकून होते, त्यामुळे घरात अजून ‘तुम्हांस’ आणि ‘आम्हांस’ चालतं, आणि फाटकाबाहेर पाऊल पडलं की ‘क्या भिया’, म्हणजे काय भाऊ. काही वर्षांपूर्वी कंपनीची गाडी चालवत मी एका दुकानदाराला फोनवर कारखान्याचा रस्ता समजावत होतो. ‘अब बाएँ मुड़ जाओ’ असं त्याला म्हणालो आणि स्वतःच डावीकडे वळलो. तिथे रस्ता नव्हता, उसाच्या रसाचा ठेला होता. सुदैवाने कुणाला लागलं नाही. ठेलेवाल्याने माझा पांढराफटक चेहरा बघून आधी मला रस पाजला आणि मग मनसोक्त शिव्या दिल्या. पुढच्याच महिन्यात मालकांनी ड्रायव्हरांच्या सुरक्षेचं काम माझ्याकडे सोपवलं. या विषयाचा इतका अनुभव कंपनीत दुसऱ्या कुणाला नव्हता.

मी ते काम मनापासून केलं, हे मात्र खरं. बागली, नेमावर, अमझेरा अशा गावांच्या दुकानदारांकडे आमच्या गाड्या पंप पोचवतात. मी नियम घातला की गाडी चालू असेतो फोन बंद करून समोरच्या खणात ठेवायचा. घरच्यांनी ड्रायव्हरला फोन करायचा नाही, मला करायचा. ड्रायव्हर चहापाण्याला थांबला की त्याने मला फोन लावायचा आणि मी निरोप सांगायचे. गाडी उभी असेल तर मग हवं तेवढं बोला.

अशा रीतीने मी पन्नाशीच्या उंबरठ्यावर पोस्टमन झालो. कोथिंबीर आणा, सिलेंडर संपला, मुलगी गणितात पास झाली. एकीने मोठ्या गांभीर्याने सांगितलं, ‘उनसे कहना मेरी मम्मी आई हैं,’ आणि तो निरोप ऐकून तिचा नवरा म्हणाला, ‘भिया, मग मी आज सावकाशच चालवतो.’ अपघात कमी झाले. मालकांनी पाठ थोपटली. मी प्रशिक्षणाचे वर्ग घेऊ लागलो आणि त्यात माझं एक ठरलेलं वाक्य असे: हात स्टिअरिंगवर आणि मन घरी, हासुद्धा फोनच आहे, फक्त तो दिसत नाही. यावर टाळी पडायची. टाळीची सवय वाईट.

आमच्यातला एक ड्रायव्हर माझा विशेष लाडका. त्याचे वडील कारखान्यातल्या नोकरीसाठी महाराष्ट्रातून देवासला आले आणि इथलेच झाले. मुलगा हिंदी शाळेत शिकला. मराठी बोले फर्डी, पण वाचताना अडखळे, म्हणून माझी मराठी सूचनापत्रकं तो मलाच वाचून दाखवायला लावी आणि वर म्हणे, ‘भिया, तुमची मराठी तुम्हाला तरी कळते का?’

पावसाळा सरत आला होता. तो माल घेऊन अमझेऱ्याला गेला होता. दुपारी त्याच्या बायकोचा मला फोन आला. सासऱ्यांना सकाळपासून धाप लागली होती, आता दवाखान्यात नेलंय, डॉक्टर काही नीट बोलत नाहीत. ती रडत नव्हती. बाबा सारखं विचारतायत, कुठपर्यंत आला म्हणून, एवढं तिने दोनदा सांगितलं.

थोड्या वेळाने त्याचा फोन आला. माल उतरवून तो परत निघाला होता आणि धारला चहाला थांबला होता. मागे कपबशांचा आवाज येत होता. त्याने नेहमीसारखं विचारलं, ‘बोला भिया, काय निरोप?’

मला तेव्हा काय दिसलं ते सांगतो. त्याचा बाप दिसला नाही. मला इंदौरचा बायपास दिसला, ट्रकांच्या रांगा दिसल्या आणि त्यातून वेड्यासारखी वाट काढणारा तो दिसला. माझंच वाक्य माझ्या कानात वाजलं, टाळीसकट.

‘निरोप काही नाही,’ मी म्हणालो. ‘सावकाश ये.’

माझ्या आवाजात त्याला काही जाणवू नये म्हणून पुढे जोडलं की येताना बालम काकडी आण. धारकडे त्या दिवसांत रस्त्याच्या कडेला ती जाडजूड काकडी मिळते. आतून केशरी निघाली तरच मी खातो, हे त्याला ठाऊक होतं. तो हसला आणि म्हणाला, निवडून आणतो.

त्याने खरंच निवडून आणल्या. एका गाड्यावर मनासारख्या मिळाल्या नाहीत म्हणून पुढे आणखी एका ठिकाणी थांबला, हे त्यानेच मला सांगितलं, काखेत पिशवी घेऊन, कारखान्याच्या आवारात, हसत. मी त्याची वाट बघत फाटकाशी उभा होतो. त्याचे वडील तोवर गेले होते.

मी त्याला बाजूला घेऊन सांगितलं. कसं सांगितलं ते आठवत नाही. एवढं आठवतं की त्याने पिशवी खाली ठेवली नाही. त्याने विचारलं, ‘मी धारला होतो तेव्हा तुम्हाला माहीत होतं?’

मी हो म्हणालो.

त्याने गाडीची किल्ली माझ्या हातात दिली आणि मग पिशवीही दिली. मी त्याला सोडायला निघालो होतो, पण तो स्टोअरमधल्या एकाच्या मोटारसायकलवर मागे बसून गेलासुद्धा.

कारखान्यात सगळे मला म्हणाले, तुम्ही बरोबर केलंत, पोरगा सुखरूप आला. मालक म्हणाले, मीही हेच केलं असतं. कुणी एकाने तरी शिव्या घालाव्यात म्हणून मी ही हकीकत जरा जास्तच लोकांना सांगितली असेन. मी भेटायला गेलो तेव्हा त्याच्या बायकोने पाणी दिलं आणि कसलाही ठपका न ठेवता बोलत राहिली. बाबा शेवटपर्यंत शुद्धीवर होते. ते विचारायचे कुठपर्यंत आला, आणि ती अंदाजाने सांगायची, आता बेटमा आलं असेल, आता इंदौर. इंदौर म्हटल्यावर त्यांनी मान हलवली आणि पुन्हा विचारलं नाही. तो भिंतीला टेकून बसला होता. माझ्याकडे बघून त्याने हात जोडले, जसे बाकीच्या आलेल्यांना जोडत होता.

दिवसकार्य उरकून तो कामावर आला. वागण्यात काही कमी नव्हतं. फक्त मी ‘भिया’चा ‘सर’ झालो.

मग एकदा बागलीच्या दुकानदाराकडे मला त्याच्याबरोबर जावं लागलं. गाडी तो चालवत होता. रस्ता मोकळा होता, दोन्हीकडे सोयाबीन पिवळं पडलं होतं. गप्प बसणं मला कधी जमलेलं नाही. मी म्हणालो, तुला काही होऊ नये एवढंच माझ्या मनात होतं रे. तुझी काळजी होती म्हणून केलं.

त्याची नजर रस्त्यावरच होती. मला वाटलं, ऐकलं नसेल, म्हणून मी पुन्हा बोलायला तोंड उघडलं. त्याने आरशात बघितलं, इंडिकेटर दिला, गाडी रस्त्याच्या खाली एका कडुनिंबाशी घेतली, हँडब्रेक ओढला, इंजिन बंद केलं. मग माझ्याकडे वळला.

‘धारला माझी गाडी अशीच बंद होती, सर. हातात चहा होता. तेव्हा दवाखान्यात फोन जोडून दिला असता, तर बाबांना मीच सांगितलं असतं कुठपर्यंत आलोय ते. मग तुम्ही म्हणाला असता तर तिथंच बसून राहिलो असतो, दुसरा कुणी न्यायला येईपर्यंत. उभ्या गाडीत बोलायचं, हा नियम तुम्हीच काढला. आम्हाला सगळ्यांना समजला. एक तुम्हालाच समजला नाही.’