परत न जायचं गाव

झोपेतून उठलं की आपण कुठल्या घरात आहोत, हे पाळकसाहेबांना चटकन कळत नसे. दिव्याचं बटण दाराशेजारी होतं ते कुठल्या गावात आणि न्हाणीघराकडे डावीकडून जायचं ते कुठल्या, याचा मेळ अर्धवट झोपेत बसत नसे. ते भिंत चाचपत उभे राहत. मग अंथरुणातून बायकोचा शांत आवाज येई, "अहो, ते मागचं घर. इथं दार तुमच्या पाठीशी आहे."

यात त्यांची काही चूक नव्हती. मेथडिस्ट चर्चच्या पाळकाचं घर म्हणजे चार-पाच वर्षांचा मुक्काम. वर्षातून एकदा सगळ्या पाळकांची परिषद भरते, बिशप उभे राहून नेमणुका वाचतात, आणि ज्याचं गाव बदललं त्यानं मुकाट्यानं सामान बांधायचं. घर मंडळीचं, म्हणजे तिथल्या चर्चच्या लोकांचं, पलंग मंडळीचा, पडदेसुद्धा मंडळीचेच. भिंतीत खिळा ठोकायचा तरी समितीला विचारावं लागे. एका गावी समितीनं खिळ्यावर इतका विचार केला की परवानगी आली तेव्हा यांचं सामान ट्रकमध्ये चढत होतं.

पाळकसाहेब काही फर्डे वक्ते नव्हते. प्रवचन करता करता मध्येच थांबत आणि खिडकीबाहेर बघत राहत. पुढच्या बाकावरच्या म्हाताऱ्या बायकांना वाटे, साहेबांची समाधी लागली. मागच्या बाकावरचा औषधवाला म्हणे, साहेब पुढचं विसरले. औषधवाल्याचंच खरं असे. पण आजाऱ्याच्या खाटेशी बसावं तर त्यांनीच. बूट दाराशी काढून ते आत येत, खुर्ची खाटेला टेकवत आणि फारसं न बोलता बसून राहत. दोन-दोन रात्री तळमळलेल्या माणसालाही त्यांच्या शेजारी डोळा लागे. हे काम ते मनापासून करत आणि त्यात त्यांना खरंच सुख होतं.

त्यांचा एक नियम मात्र पक्का होता. मंडळी सोडली की त्या गावात पुन्हा पाऊल टाकायचं नाही. जुना पाळक दिसला की लोक त्याच्याभोवती गोळा होतात, लग्नं लावायला त्यालाच बोलावतात आणि नवा बिचारा आपल्याच देवळात पाहुणा होऊन बसतो. म्हणून जुन्या गावाहून निरोप आला की साहेबांचं उत्तर ठरलेलं असे, "तुमचे पाळक आहेत ना? त्यांना सांगा." लोक चिडत, शिष्ट म्हणत. साहेब ऐकून घेत.

त्यांची मुलगी तिसऱ्या गावात जन्मली. गुबगुबीत आणि ठुमकत चालणारी, म्हणून सगळे तिला ठमी म्हणत. चार वर्षांची असताना ती तापात गेली. शेजारच्या गावचे पाळक वेळेवर पोचू शकले नाहीत, तेव्हा दफनविधी साहेबांनी स्वतःच केला. आवाज जरासुद्धा कापला नाही. काय धीराचा माणूस, असं लोक कितीतरी दिवस बोलत होते. आवाज कापला असता तर बरं झालं असतं.

त्याच वर्षी परिषदेत त्यांची बदली वाचली गेली. यंदा नको, एवढे दोन शब्द बोलायची मुभा होती. साहेब उभे राहिले, त्यांनी मान लववली आणि खाली बसले. वरच्या सज्जात पाळकीणबाई बसल्या होत्या. त्यांनी घरी येऊन भांडी कागदात गुंडाळायला घेतली.

तेव्हापासून साहेबांना एक सवय लागली. नव्या घरात शिरलं की खोल्यांतून हिंडायचं आणि मनातल्या मनात एक खोली ठमीला देऊन टाकायची. चौथ्या गावी तिला अंगणाकडची खोली दिली, कारण शाळेतून आली की ती तडक झाडावर चढली असती. पाचव्या गावी माडीवरची, कारण आता तिला दार लावून मैत्रिणींशी कुजबुजायचं वय आलं होतं. दुपारच्या डुलकीत ती त्यांना दिसे. तिनं कधी न पाहिलेल्या घरांतून हिंडताना, दोन वेण्यांची एक वेणी झालेली, उंच झालेली. कधी दोन घरं एकमेकांत मिसळत. माडीचा जिना उतरून ती भलत्याच गावच्या स्वयंपाकघरात येई आणि पाणी पिऊन निघून जाई. एकदा हमालाला साहेब भान विसरून म्हणाले, "ही पेटी मुलीच्या खोलीत ठेवा." हमालानं विचारलं, ती कुठली? बाईंनी पेटी दुसरीकडे ठेवून घेतली आणि त्यावर कधी काही विचारलं नाही.

दरवर्षी थंडी सरता सरता बाई धाकट्या बहिणीकडे चार दिवस जाऊन येत. परतल्या की जरा हलक्या दिसत. माहेरचं माणूस भेटलं की बरं वाटतं, असं साहेब स्वतःशी म्हणत आणि कामाला लागत.

असं करता करता निवृत्ती आली. आता बिशप गाव सांगणार नव्हते, समिती घर देणार नव्हती. आयुष्यात पहिल्यांदा आपलं आपण ठरवायचं होतं, आणि साहेबांना तर पडद्याचा रंगही कधी निवडावा लागला नव्हता. चादरींच्या घड्या घालता घालता बाई म्हणाल्या, "मला त्या गावी राहायचंय."

"कुठल्या?" साहेबांनी विचारलं. त्यांना कळलं होतं.

"ठमीच्या."

"अगं, तिथं कसं जाता येईल? मी उभा जन्म दुसऱ्यांना सांगत आलो. आता मीच तिथं बिऱ्हाड केलं तर लोक काय म्हणतील?"

"मी लोकांसाठी म्हणत नाहीये," बाई म्हणाल्या आणि त्यांनी पुढची चादर घेतली. लग्नाला इतकी वर्षं झाली, पण बाईंनी काही मागितल्याचं साहेबांना आठवेना. हेच पहिलं मागणं होतं, आणि त्यालाच त्यांनी नाही म्हटलं होतं.

दुसऱ्या दिवशी दुपारी बांधलेल्या खोक्यांमध्ये आरामखुर्चीत त्यांना डुलकी लागली. ठमी आली. मोठी बाई झाली होती, कानापाशी एक-दोन केस पिकलेले. ती खोक्यांच्या मधून वाट काढत या दारातून त्या दारात गेली आणि परत आली. "बाबा, आता माझी खोली कुठली?" तिनं विचारलं. पुढचं घरच ठरलेलं नव्हतं, तर खोली कुठली देणार?

जागे झाल्यावर त्यांनी त्या गावच्या पाळकांना फोन लावला. तिथं आता एक तरुण बाई पाळक होत्या. साहेबांनी चाचरत चाचरत विचारलं.

"या की," त्या म्हणाल्या. "पण आधीच सांगते, रागावू नका. लग्न, बाप्तिस्मा, दफन, कुणी कितीही गळ घातली तरी तुम्ही नाही म्हणायचं."

"मी तेच सांगायला फोन केला होता," साहेब म्हणाले आणि कितीतरी दिवसांनी हसले.

आठवड्याभरात दोघं घर बघायला त्या गावी गेले. पण स्टेशनातून बाहेर पडल्यावर आधी कबरस्तानाकडेच वळले. फाटकातून आत शिरल्यावर साहेब गोंधळले. कुंपण सरकलं होतं, झाडं वाढली होती, नव्या रांगा झाल्या होत्या. विहिरीजवळ होतं ना, असं पुटपुटत ते उजवीकडे निघाले. बाई मात्र कुठंही न थबकता डावीकडच्या पायवाटेनं गेल्या आणि एका छोट्या दगडापाशी उभ्या राहिल्या. दगड स्वच्छ होता. भोवतीचं गवत कापलेलं होतं.

माळी झारी घेऊन आला. दुसऱ्या हातात एक स्टूल होतं. "मावशी, यंदा लवकर आलात," म्हणत त्यानं ते बाईंसाठी मांडलं आणि झारी भरायला विहिरीकडे गेला.

साहेब स्टुलाकडे बघत राहिले. "आणि बहीण?"

"ती वाटेवर राहते. मुक्काम तिच्याकडे, एक दिवस इथं."

"दरवर्षी?"

"दरवर्षी."

"मला का नाही सांगितलंस?"

"सांगितलं असतं तर तुम्हाला मला अडवावं लागलं असतं, नाहीतर नियम मोडावा लागला असता. दोन्ही तुमच्यानं झालं नसतं." बाईंच्या बोलण्यात राग नव्हता. "आणि मी कुठं मंडळीला भेटायला येत होते?"

साहेब तोंडात मारल्यासारखे उभे राहिले. गावात पाऊल टाकायचं नाही, हा नियम लोकांना भेटणं टळावं म्हणून होता. लेकीला भेटू नका, असं कुणी म्हटलं नव्हतं, त्यांनी स्वतःही नाही. कुठल्याही दुपारी गुपचूप येऊन बसता आलं असतं. ते मात्र इतकी वर्षं तिला परक्या घरांतल्या खोल्या वाटत बसले होते.

माळी भरलेली झारी घेऊन परत आला. "हे कोण, मावशी?"

"ठमीचे बाबा."

सगळा जन्म त्यांना सगळे साहेब म्हणत आले होते. या नावानं त्यांना कुणी हाक मारली, त्याला कितीतरी वर्षं लोटली होती.

"असं होय," माळी म्हणाला. "मग इतकी वर्षं कुठं होते? परदेशी?"

साहेबांनी बोलायला तोंड उघडलं, आवाज कापला, आणि ते रडायला लागले. माळ्यानं बाईंकडे पाहिलं, झारी खाली ठेवली आणि म्हणाला, "थांबा, आणखी एक स्टूल आणतो."